चव कोणी बघायची

६ जानेवारी, मंगळवार
सर्दी गेली, जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेली. सकाळी आल्याचा चहा प्यायले तर नुसतं गरम पाणी. ह्यांना विचारलं, यात साखर आहे ना? "भरपूर. आज तुझ्यापेक्षा चहाच गोड आहे." रिटायर झाल्यापासून माणसाला विनोद सुचतात.
माझी मात्र पंचाईत. अख्खं पोळीभाजी केंद्र माझ्या जिभेवर चालतं. मी चव घेतल्याशिवाय इथे पातेलं उतरत नाही की डबा भरला जात नाही. आजही तळहातावर आमटी घेतली, मान डोलावली, "फर्स्टक्लास" म्हटलं. कुणाला काही कळलं नाही.

८ जानेवारी
मुक्ताचा फोन. तिला फेब्रुवारीअखेरची तारीख दिलीय. डॉक्टर नाशिकचे, म्हणून ती माहेरी येणार नाही, मीच तिकडे जायचं, दोन महिने. जाणारच. पहिलं बाळंतपण लेकीचं.
पण केंद्राचं काय? ह्यांचं सोपं उत्तर, "कुलूप लाव." कुलूप लावलं तर माझ्या हाताखालच्या तिघी दुसरीकडे कामाला लागतील, आणि परत यायच्या नाहीत. चालू ठेवलं तर चव कोण बघणार? डोकं चालेनासं झालं.
मुक्ताने व्हिडिओ पाठवलाय, टीम कशी सांभाळावी. सुटातला माणूस, हातवारे फार. त्याला एकदा नालासोपाऱ्यात सकाळच्या डब्यांच्या गर्दीत उभा करावा.

१२ जानेवारी, सोमवार
बिंग फुटलं. म्हणजे पहिल्या दिवशीच फुटलं होतं, मलाच पत्ता नव्हता.
आज मी भाजीला मान डोलावली, वळून बघते तर फिलोमिना त्याच पातेल्यात गुपचूप मीठ घालतेय. नंदाखाल गावची, वयाने माझ्याहून मोठी, म्हणून तिला ओरडताही येत नाही. शेवटी अर्नाळ्याची हेमांगी बोलली, "ताई, मंगलवारी आमटीत मीठच नव्हतं. तुमी फर्स्टक्लास बोललात, तवाच कललं आमाला."
तेव्हापासून रोज माझ्यामागे फिलोमिना चव बघून सगळं सारखं करतेय. आणि मी आपली ऐटीत मान डोलावतेय!
भयंकर राग आला. "मला सांगायला काय झालं होतं?"
फिलोमिना शांतपणे म्हणाली, "सांगितलं असतं तर घरी बसली असतीस? नाही ना? मग."
घरी येऊन थोडं रडले. मग त्या बिनमिठाच्या आमटीवर एकटीच हसत बसले.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेतला, गोड बोलले. गोड लागलं मात्र काही नाही.
आजपासून चव तिघींनी बघायची ठरवलं आणि लगेच पस्तावले. फिलोमिना म्हणे तिखट जास्त. सुनंदा साताऱ्याची, ती म्हणे, "हे तिखट? आवं, आमच्याकडं बारशाला असलं करत्यात." हेमांगी दोघींना हो म्हणाली. आमटी गॅसवर उकळतेय, डबेवाला दारात उभा. पळी हिसकावून घ्यावी असं वाटलं, पण हिसकावून करू काय? कोथिंबीर निवडत बसले. डबे उशिरा गेले, दोन गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली. मीच खाल्ली, फोन माझ्याकडेच असतो.

१६ जानेवारी
नवा नियम. एका दिवशी एकीनेच चव बघायची, त्या दिवशी तिचा शब्द शेवटचा. बाकीच्यांनी, मी धरून, तोंड मिटायचं. सुनंदा म्हणाली, "तुमाला जमंल का ताई?"
आगाऊ आहे. पण प्रश्न बरोबर आहे.

२१ जानेवारी
शेजारच्या बिल्डिंगमधल्या जोशीबाईंचा फोन. "काल वालाची उसळ कोणी केली हो? अगदी वेगळी लागली. आमच्या ह्यांनी बोटं चाटली." काल चव सुनंदाने बघितली होती.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? इतकी वर्षं त्यांच्या ह्यांनी माझ्या उसळीला कधी बोट लावलं नाही चाटायला. तरी सुनंदाला निरोप जसाच्या तसा सांगितला. ती लाजली आणि दिवसभर तिने रोजच्यासारखी भांडी आपटली नाहीत.

२७ जानेवारी
फिलोमिनाने ऑर्डर आणली. तिच्या नात्यात साखरपुडा, नंदाखालच्या वाडीत. मटण दुसरीकडे, भाज्या आणि वाल आपल्याकडे. केळफुलाची भाजी हवीच. ती पसंत पडली तर ईस्टरनंतरच्या लग्नाचीही ऑर्डर आपल्यालाच.
"पण बाय, तू तेव्हा नाशिकला. हो सांगू की नको?"
म्हटलं, आधी साखरपुडा होऊ दे. जमलं तर केंद्र चालू ठेवते, नाहीतर कुलूप. बोलून गेले खरी, पण...

५ फेब्रुवारी
फोडणीत कढीपत्ता पडला आणि वास आला! खराखुरा. पळी चाटून बघितली. मीठ, हळद, हिंग, सगळं जागच्या जागी. नाचावंसं वाटलं.
कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की पळी आपोआप माझ्या हातात येईल, आणि मी ती घेईन. स्वतःला ओळखते मी.

८ फेब्रुवारी, रविवार
साखरपुडा. केळफूल काल हेमांगीने सोलून ताकात भिजवलं होतं. आज पाळीही तिचीच. पहाटेपासून तोंड उतरलेलं. भाजी झाली, तिने चव बघितली, म्हणाली, "बरी हाय." झाकण ठेवलं.
पातेलं सरकवताना माझ्या बोटाला भाजी लागली, सवयीने तोंडात गेली. तुरट! थोडीच, पण तुरट. बोलायला जीभ दातांपर्यंत आली होती. टेंपो दारात, सुनंदा वाल चढवतेय. बोलावं तर ही पोरगी पुन्हा कधी पळी धरणार नाही. न बोलावं तर लग्नाची ऑर्डर गेली आणि दाराला कुलूप. मनातल्या मनात ठरवलं, टेंपोत पातेलं चढेपर्यंत थांबायचं. मग बोलायचं.
पातेलं उचललं, आणि हेमांगीच ओरडली, "थांबा! खाली ठेवा!" झाकण काढलं, दुसऱ्यांदा चव घेतली. "घशाला धरते. मगाशी भ्यायले, म्हनून बरी बोलले." फिलोमिनाकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ओलं खोबरं मागितलं, गूळ मागितला, पुन्हा गॅस पेटवला. टेंपोवाला हॉर्न मारत होता. "वाजव किती वाजवायचा तो," म्हणाली. ही हेमांगी!
तयार झालेली भाजी मी चाखली नाही. फार मोह झाला. चमचा धुऊन टाकला.
निघताना सुनंदाने विचारलं, "ताई, तुमची जीभ कवा यायची वो?"
म्हटलं, "काही खरं नाही. एप्रिल उजाडेल."
फिलोमिनाने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग टेंपोत चढली.
संध्याकाळ झाली, साखरपुड्याहून अजून फोन नाही. ह्यांना म्हटलं, नाशिकचं तिकीट काढा.
"आणि कुलूप? आणून ठेवू नवं?"
"नको," म्हटलं. "किल्ल्या तेवढ्या तीन करून आणा."