खुरपणीचा रोज

आई, आज सकाळी मी एका बाईला बांधावरून परत पाठवलं. कांद्याच्या खुरपणीला चौघी सांगितल्या होत्या. अर्ध्या रानात तणनाशक मारल्यावर त्याहून जास्त लागत नाहीत. ही पाचवी, न बोलावता आलेली, स्वतःचं खुरपं घेऊन. म्हणाली, "ताई, मला कमी द्या, पण घ्या."

मला तुझं ते वर्ष आठवलं. पावसानं ओढ दिली होती आणि सोनईच्या रस्त्याकडेच्या बागायतदारानं बायकांचा रोज उतरवला. अकरा जणींची टोळी तुझ्या शब्दावर चालायची. तू म्हणालीस, "रोज एकदा खाली आला की वर चढत न्हाई. बसा घरी." सगळ्या बसल्या. आठवडाभर आपण आमटीत पाणी वाढवत गेलो. मग त्याचा निरोप आला: रोज पहिलाच देतो, पण बायका सहाच. त्या सहा तू निवडायच्या होत्यास. संध्याकाळी शेजारची काकू, जिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, आपल्या चुलीपाशी उभी आहे. "कमी रोजात आमी अकराबी गेलो असतो, वैनी. आता तुजा रोज काय देव्हाऱ्यात ठिवून पुजू?" तू भाकरी थापत राहतेस. वर बघत नाहीस. दुसऱ्या दिवशी सहा जणी गेल्या. त्यांत तू होतीस, काकू नव्हती. त्या वर्षी काकू नवऱ्याला दिराकडे टाकून ऊसतोडीला गेली. रोज पुढे खरंच कधी उतरला नाही. माझी शाळाही सुटली नाही. तू बरोबर होतीस का, हे मी कधी विचारलं नाही.

आज त्या बाईला मी सांगितलं, आमच्या आईचा नियम आहे, कमी रोजात कुणाला घ्यायचं नाही.

"आई कुठंयत? त्यास्नीच इचारते."

"ती गेली. बरीच वर्षं झाली."

"मंग तुमीच सांगा की."

मी नाही म्हणाले. पूर्ण रोज देऊन पाचवी ठेवता आली असती, हे ती रस्त्याला लागल्यावर सुचलं. हाक मारली नाही. ती बोलत होती तेव्हा वाफ्यातल्या चौघींची खुरपी थांबली होती. हिला कमी रोजात घेतलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या. हे तू वाचणार नाहीस, म्हणूनच लिहिते: मला त्या चौघींची भीती वाटली, आणि नाव मी तुझं घेतलं.