न तापवलेली कात्री

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, निवृत्त केशकर्तनकार, विधुर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. अक्षर बिघडले आहे, डोके शाबूत आहे.

१. राहते घर मुलगा व सून यांना, समान हिश्श्याने.

२. दुकानातली खुर्ची व वस्तरे धाकट्या भावास. त्याने माझ्याच समोर दुकान थाटले हे मी विसरलेलो नाही. तरी खुर्चीची कदर त्यालाच.

३. गॅलरीतली सव्वीस ऑर्किड सुनेला. पानावर डाग दिसला की दाबून वास घ्यावा. पाणचट, घाणेरडा असेल तर ती सड. चांगल्या हिरव्या भागापर्यंत कापून दालचिनीची पूड लावावी. कोरडा, पिवळ्या कडेचा असेल तर बुरशी; पान काढून कुंडी वाऱ्याला ठेवावी. पिवळे-काळे पट्टे असतील तर औषध नाही, रोप जाळावे.

४. सहा वर्षांपूर्वी असेच पट्टे येऊन अकरा रोपे गेली. त्यात बायकोने लावलेले पांढरेही गेले. मी पाहुण्यांसमोर सुनेला म्हणालो, "तुझ्या हाताला गुणच नाही. वरून पाणी ओतून मारलीस झाडं." ती दवाखान्यात नर्स आहे. तिने त्याआधीच विचारले होते, "बाबा, कात्री तापवून घेता ना?" मी म्हणालो, "जन्म गेला माझा कात्री धरण्यात, मला शिकवू नकोस." त्या दिवसापासून तिने गॅलरीत पाऊल टाकलेले नाही.

गेल्या वर्षी आणखी एका रोपावर पट्टे आले, तेव्हा पान प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला: विषाणू, कापण्याच्या हत्यारातून पसरणारा. दुकानात मी एकाचा वस्तरा उकळल्याशिवाय दुसऱ्याच्या गालाला लावला नाही, आणि घरी आजारी झाड कापलेली कात्री तशीच सगळ्या झाडांना लावली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. अहवाल कपाटात लपवला. सांगायला तीनदा स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि चहा मागून परत आलो. याची मला लाज वाटते. माझ्यामागे हे कलम त्याच पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचावे.

पुरवणी, त्याच दिवशी: साक्षीदार डॉक्टर हे वाचून म्हणाले, "मेल्यावर कसली माफी मागता? ती आत आहे, जा." गेलो. कलम चार तिला वाचून दाखवले. तिने कागद घेऊन ते स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाली, "रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावते. तुम्हीच वाचा."

वाचेन. रविवारच्या आत माझे काही बरेवाईट झाले तरच वाचण्याची जबाबदारी मुलाची. कात्री आजच सुनेच्या हाती दिली आहे.

ठिकाण: राहते घर, मागची गॅलरी
दिनांक: चार मार्च, गुरुवार

सही: (लिहून देणार)
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर (सही) २. खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)