फरास म्हणजे फ्रान्सचे

मामंजी, त्या सकाळी मी केर काढला, दारात रांगोळी घातली, चहाचं आधण ठेवलं आणि पाहुणे यायचे म्हणून बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरायला घेतली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. तुम्ही खुर्चीतून ओरडलात, "सूनबाई, ठेव ती खाली! आपला मूळ पुरुष फ्रेंच तोफखान्यातला. फरास म्हणजे फ्रान्सचे. आपण अंथरत नाही." पुराव्याला स्वतःचे घारे डोळे दाखवलेत. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "निम्म्या कोकणाचे डोळे घारे आहेत. तेही तोफा घेऊनच आले का?" मी पदराआड हसले. सतरंजी शेवटी सासूबाईंनीच अंथरली, ती तुम्हाला दिसली नाही.

आडनाव दुर्मीळ, याचा तुम्हाला केवढा अभिमान. कुठल्याही गावाला गेलात की टेलिफोनची डिरेक्टरी मागून 'फ' उघडायचात, आणि कुणी सापडलं नाही की खूश व्हायचात. मिरजेकडे एक घर सापडलं, ते मुसलमानांचं निघालं. "ते फरास वेगळे," म्हणालात आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत.

पुढे आम्ही जपानला आलो आणि तुमचा मुलगा इथं तोक्योत वारला. पोरीची शाळा मोडू नये म्हणून मी इथल्याच ओजिमा भागात राहिले आणि एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम धरलं. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही पोरीची चौकशी केली नाहीत, मी जेवते का तेही विचारलं नाहीत. "फरासांची बाई लोकांच्या गाद्या घालणार? करायचं तर कर, पण आमचं आडनाव तिथं लावू नकोस." इथं कामावर माणसाला आडनावानंच हाक मारतात. मी छातीवरच्या नावाच्या पट्टीवर माहेरचं आडनाव लावून घेतलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पट्टी तीच आहे. नवऱ्यामागे त्याचं नाव तेवढं उरलं होतं, तेही तुमच्या एका वाक्यासाठी मी रोज उतरवून ठेवते.

माझी शाळा दहावीत सुटली, तेव्हापासून हाती येईल ते वाचते. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी फोनवर जुना शब्दकोश चाळत होते. फरास: तंबू ठोकणारा, बिछायत घालणारा, दिवाबत्ती पाहणारा नोकर. तीनदा वाचलं. हाच कोश तुमच्या कपाटात होता. मराठीचे मास्तर तुम्ही, साऱ्या गल्लीच्या आडनावांचे अर्थ त्यातून काढून सांगायचात, आणि आपलंच तेवढं पाहिलं नसेल? तुम्हाला माहीत होतं. लाज तुमची होती, ती माझ्या गळ्यात का बांधलीत?

हे पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. कारण गेल्या आठवड्यात कामावर माझं सरकारी ओळखपत्र खाली पडलं. माझ्या जोडीच्या सत्तरीतल्या जपानी बाईंनी ते उचललं. "फारासु? पट्टीवर तर वेगळंच आहे. हे कुठलं नाव?" आणि कोश वाचलेली मी म्हणाले, "फ्रान्सचं." "एऽऽ! मग मादामनं संडास घासायचा? आण तो ब्रश इकडे," त्या म्हणाल्या, आणि दिवसभर मला मादाम म्हणत राहिल्या. मला ते आवडलं, मामंजी.

दुसऱ्या दिवशी पलंगाच्या दोन बाजूंनी चादर ताणताना मी त्यांना सांगितलं की फ्रान्सचं खोटं होतं, फरास म्हणजे हेच, आपण दोघी करतो ते काम.