दगडांचा खेळ

आई, तुझा दगडांचा खेळ परवा मला पुन्हा दिसला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत माझ्या टीममधली एक मुलगी मोबाईलवर जुने गेम दाखवत होती, तिच्या जन्माच्याही आधीचे. त्यात तो होता. तपकिरी माती, मातीत अडकलेले राखाडी दगड, लुकलुकणारे हिरे आणि माती उकरत जाणारा तो टीचभर माणूस. "मॅम, तुम्हाला जमेल का हा?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मला नाही, माझ्या आईला जमायचा. ती हसली. मी थट्टा करतेय असंच तिला वाटलं. पण तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे, म्हणून लिहायला बसले.

मी दहावीत असताना मामानं मस्कतहून तो कॉम्प्युटर आणला. दिसायला नुसता कीबोर्डच. टीव्हीला जोडायचा, कॅसेट प्लेअरवर टेप लावायची आणि पाच मिनिटं कर्कश किंचाळून झालं की खेळ सुरू व्हायचा. कोथरूडच्या आपल्या दोन खोल्यांच्या भिंती पातळ. वरच्या काकूंनी जिन्यात गाठून तुला विचारलं होतं, "अहो, मांजर आजारी आहे का तुमच्याकडे?" तू म्हणालीस, "नाही हो, मुलीचा अभ्यास चाललाय." मामानं तो माझ्या शिक्षणासाठीच दिला होता, पण पहिल्या आठवड्यातच तो तुझा झाला. बाबांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. तू पिंपरीच्या कारखान्यात पंच ऑपरेटर. स्टोअरमधून आलेल्या चिठ्ठ्यांवरचे नंबर पूर्वी भोकांच्या कार्डांवर, नंतर कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर, दिवसभर टाकत राहायचं. संध्याकाळी कंपनीच्या बसनं यायचीस, चहा घ्यायचीस आणि कणीक मळायच्या आधी दोन डाव खेळायचीस. पाठ ताठ, डोळे पडद्यावर, मनगटं जागची हलत नाहीत, चालतात ती फक्त बोटं. खाली तू एकदाही बघायची नाहीस. ऑफिसात तू कशी दिसत असशील, हे मला त्या खेळामुळे कळलं.

मी खेळायला बसले की दोन मिनिटांत दगडाखाली सापडायचे. खालची माती काढली की दगड सुटतो, शेजारचाही घरंगळतो, आणि मी मात्र हिरा दिसला की पळत सुटणार. तू मागे उभी राहून भाजी निवडत म्हणायचीस, "पळू नकोस. वरचा दगड कशावर टेकलाय ते आधी बघ." दगडाखाली न हलता उभं राहिलं की तो पडत नाही, हे तुलाच पहिल्यांदा कळलं. डोक्यावर दगड घेऊन तू शांतपणे थांबायचीस, दुसरीकडचे दगड पडून वाट मोकळी झाली की बाजूला सरकायचीस. खेळातली प्रत्येक पातळी म्हणजे एक गुहा, पुरेसे हिरे जमले की तिचं दार उघडायचं. नववी गुहा काही केल्या सुटेना, तेव्हा एका रविवारी सकाळी तू ताटात रवा पसरलास, त्यावर हरभरे मांडलेस आणि बोटानं रस्ते काढत बसलीस. मी आंघोळ करून आले तरी तू तिथंच. "सुटली," म्हणालीस. मग हरभरे वेचून काढलेस आणि त्याच रव्याचा शिरा केलास. गुहा खरोखरच सुटली. मी टाळ्या वाजवल्या, तर तू म्हणालीस, "टाळ्या कसल्या वाजवतेस, दार लाव, वारं येतंय."

बारावीनंतर मी सदाशिव पेठेत कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. तिथं कुणीतरी मला एक युक्ती शिकवली. खेळ सुरू व्हायच्या आधी एक ओळ टाइप करायची, की माणूस कितीही वेळा मेला तरी डाव संपत नाही. मोठ्या ऐटीत मी ती तुला करून दाखवली. तू एकदा मुद्दाम दगडाखाली गेलीस, मेलीस, पुन्हा उभी राहिलीस. परत मेलीस. मग दोन्ही हात मांडीवर ठेवलेस. "म्हणजे आता चुकलं तरी काहीच होत नाही?" मी म्हटलं, "नाही! मस्त ना?" तू उठलीस. "मग मी बघायचं कशाला?" एवढंच म्हणालीस आणि आत गेलीस. मी चिडून ओरडले, "अगं, खेळच तर आहे!" आतून उत्तर आलं, "मला नोकरी वाटली होती." आठवडाभर तू त्याला हात लावला नाहीस. शेवटी मीच ती ओळ न टाकता टेप लावली आणि तुला हाक मारली.

आता जे लिहायचंय ते तुझ्यासमोर कधीच बोलले नाही. डिग्री झाली आणि मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. तेव्हा रोज नवीन कंपनी निघत होती, नवीन गाड्या रस्त्यावर येत होत्या, आमच्या बॅचमधल्या सगळ्यांनाच आपण जग हलवतोय असं वाटत होतं. आमच्याकडे कारखान्यांची कामं यायची. स्टोअरच्या माणसानं जागच्या जागी नोंद करायची, मध्ये कुणी टाइप करायला नको, असं ते काम. एका मीटिंगमध्ये पुढच्या कारखान्याचं नाव निघालं. तुझा कारखाना. यादीत तुझा विभागही होता आणि समोर लिहिलेलं होतं, 'गरज उरणार नाही'. ते काम माझ्याकडे आलं नाही, दुसऱ्या टीमकडे गेलं. पण मी वाचलं होतं. त्या दिवशी घरी आले तेव्हा तू थालीपीठं लावत होतीस. आता सांगते, जेवल्यावर सांगते, उद्या सांगते, असं करत तीन आठवडे गेले. मग एका दुपारी तू मला ऑफिसात फोन केलास. "पत्र मिळालं. आम्हा अकरा जणींना. स्वेच्छानिवृत्ती म्हणतात त्याला. स्वेच्छा कुणाची ते लिहिलेलं नाही." मी म्हटलं, "काय सांगतेस! असं अचानक?" तू थोडी थांबलीस. त्या थांबण्यात तुला कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. मग म्हणालीस, "येताना कोथिंबीर आण."

तू रडली नाहीस. दोन महिने घरातले डबे घासलेस, पुसलेस. मग वारज्यात, जमीन विकून चाळ बांधलेल्या एका शेतकऱ्याची खोली घेतलीस आणि टायपिंगचा क्लास काढलास. दोन जुने टाइपरायटर, एक छोटा टीव्ही आणि आपला तो कॉम्प्युटर. मला हसू आलं होतं. जग कुठं चाललंय आणि ही काय शिकवतेय! पण गावातल्या मुली यायला लागल्या. तू त्यांना आधी खेळ द्यायचीस. हातांवर रुमाल टाकायचीस, म्हणजे बोटं दिसायला नकोत. रात्री जेवताना त्यांच्या गोष्टी सांगायचीस, त्यांच्या बोलीची नक्कल करायचीस, "बाई, दगूड लय वंगाळ हाय" म्हणायचीस आणि स्वतःच हसायचीस. कितीतरी वर्षांनी तू हसत होतीस. एकदा म्हणालीस, "तू ये ना एखाद्या मंगळवारी, तेव्हा सगळ्या जणी असतात. आपल्यासारख्या घरची मुलगी मोठ्या ऑफिसात बसते, ते त्यांना दिसू दे." मी म्हटलं, पुढच्या मंगळवारी. ते पुढचे मंगळवार दीड वर्ष चालले. तू पाच-सहा वेळा विचारलंस, मग विचारायचं सोडलंस.

तू गेलीस तो गुरुवार होता. सकाळी दूध तापवताना खाली बसलीस ती उठली नाहीस. विहारातले सगळे आले, वंदना झाली, तुझ्या विद्यार्थिनीही आल्या. कोण कोण होत्या ते मी बघितलंच नाही. बारा दिवसांनी सामान आणायला मी वारज्याला गेले. आई, मंगळवारच होता तो. पायरीवर एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी बसली होती. ती मावशीच्या गावाला जाऊन त्याच दिवशी परत आली होती. तिला काही माहीत नव्हतं.

"बाई न्हाई आल्या?"

"नाही. आज नाही येणार."

"तुमी कोन?"

मी म्हटलं, "त्यांच्या ऑफिसातली." का म्हटलं कुणास ठाऊक. लेक म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि इतके दिवस का आला नाहीत हेही तिनं विचारलं असतं, असं मला वाटलं. ती म्हणाली, "आज बाईंना दाखवायचं हाय मला, रुमाल टाकून. तुमी बघता?" मी कुलूप काढलं, टेप लावली. तिनं स्वतःच रुमाल घडी उलगडून हातांवर पसरला. पाठ ताठ केली. एका ठिकाणी डोक्यावर दगड घेऊन ती थांबली, अगदी न हलता, आणि मला तिच्याकडे बघवेना. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पडद्यावरच्या गुहेचं दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा ती म्हणाली, "बाईंना सांगाल ना? एकदाबी खाली बघितलं न्हाई म्हनून."

"सांगते," मी म्हटलं. "त्यांना जरा बरं नाहीये. तू पुढच्या मंगळवारी ये."

ती आली असेल. दाराला कुलूप असेल. मग चाळीतल्या कुणीतरी तिला सांगितलं असेल. मी पुन्हा तिकडे गेले नाही, सामानसुद्धा टेम्पोवाल्याला किल्ली देऊन आणवलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते कपाटातच राहील. पण निरोप तुझा आहे, तो मी इतकी वर्षं दाबून ठेवला. आई, तिनं एकदाही खाली बघितलं नाही. कोण गं ती, असं तू लगेच विचारशील. मी तिचं नाव विचारलं नव्हतं.