ढब्बूचं लाइफ जॅकेट

प्रिय आईस, वाकून नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. बाबांचा खोकला कसा आहे?

नदीला पाणी चढलंय. परवा आपला ढब्बू यांच्या होडीतून घसरला. यांनी मागोमाग उडी मारून त्याला ओढून आणलं. कुत्रं शेपटी हलवत होतं, मी मात्र दोघांवरही ओरडत होते.

काल त्याच्यासाठी लाइफ जॅकेट घ्यायला गेले. पहिलं पोटाशी सैल पडलं. दुकानदारीण म्हणाली, "हे घ्या, पाठीवर मूठ आहे. होडीतूनच उचलता येईल." तेच घेतलं. नाहीतर हे पुन्हा उडी मारणार.

यांच्यासाठीही एक आणलंय, ते खुंटीलाच आहे. म्हणतात, "नावाड्यानेच घातलं तर उतारू घाबरतील."

आई, जावयाला तूच दम दे गं. माझं ऐकत नाहीत.

तुझी,
धाकटी