पाच मिनिटं पुढे

सांडोर, वसई
१४ नोव्हेंबर २०२४

चि. मटिल्डा हिस अ. उ. आ. आणि जय ख्रिस्त.

पत्र पाहून घाबरू नकोस, तुझी प्रिस्कावहिनी बरी आहे. तुझ्या त्या डोंगरातल्या कॉन्व्हेंटला फोन धड लागत नाही, आणि लागला तरी हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू सिस्टर व्हायला निघालीस तेव्हा मी म्हटलं होतं, चला, घरातली एक भांडखोर कमी झाली. आज तीच भांडखोर जवळ हवी होती.

क्लिफर्डला जाऊन सोमवारी चार महिने झाले. वाडीत केळीला पाणी देतो, घड उतरवतो, चर्चमध्ये मिस्साला जातो. पोरगा नाही हे मात्र रोज सकाळी नव्याने कळतं. काल त्याच्याबरोबर धावणारा फ्लॉईड आला होता. मॅरेथॉन जवळ आली, अंकल, यंदाही वळणावर उभे राहा, तुम्ही वेळ सांगितली की बरं वाटतं, असं म्हणाला. मी हो म्हटलं, सवयीने मनगटाकडे पाहिलं आणि तिथेच पायरीवर बसलो.

आपल्या घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे असतात, हे तुला ठाऊकच आहे. सकाळच्या मिस्साला उशीर नको म्हणून प्रिस्काने लावलेली सवय. माझं हातातलंही तसंच. आम्ही मनातल्या मनात पाच वजा करतो. गेल्या डिसेंबरात क्लिफर्ड एकवीस किलोमीटर धावला, तेव्हा दोन तासांच्या आत पोचायचं एवढाच त्याचा हट्ट होता. तीन वर्षं त्यासाठी धडपडत होता. हातात घड्याळ असलं की जीव घाबरा होतो म्हणायचा, म्हणून वेळ सांगायला मी वळणावर, तिथून चार किलोमीटर उरतात. सहाला सुटणार, सात छत्तीसच्या आत माझ्यासमोरून गेला की जमलं, असं आमचं ठरलं होतं. तो आला तेव्हा माझ्या घड्याळात सात चाळीस. मी ओरडलो, "चार मिनिटं मागे आहेस बाबू, राहू दे, सावकाश जा." तो हसला, हात केला आणि हळू झाला. पोचला दोन तास तीन मिनिटांनी.

खरे वाजले होते सात पस्तीस. गर्दी, बँड, त्याला बघायची घाई, त्यात पाच वजा करायचे राहिले. तो पुढे होता गं. मीच त्याला अडवलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाला, आणि फेब्रुवारीत रक्ताचा कॅन्सर निघाला.

प्रिस्काला यातलं काही सांगितलेलं नाही. ती स्वतःच्या सवयीला दोष देत बसेल. कन्फेशनला जाऊन तरी काय सांगू? फादर म्हणतील, हे पापच नव्हे. मला मात्र झोप नाही. तुला काय वाटतं ते लिही, गोड बोलू नकोस.

तुझ्या प्रार्थनेत आम्हा दोघांची आठवण ठेव.
तुझा दादा,
ॲन्सेल्म

२५ नोव्हेंबर २०२४

ती. दादास मटिल्डाचा स. न. वि. वि.

पत्र पोचलं त्या दिवशीच उत्तर लिहायला बसले आणि तीनदा फाडलं. क्लिफर्डने मला गप्प राहायला सांगितलं होतं. आता तो नाही, आणि तू विनाकारण जळतो आहेस, म्हणून बोलते. गेल्या नाताळच्या आधी त्याने मला लिहिलेलं पत्र माझ्या बायबलात आहे. त्यातलं जसंच्या तसं उतरवते:

"सिस्टरआत्या, पप्पांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं हे मला ठाऊक नाही का? त्यांनी चार मिनिटं मागे म्हटलं तेव्हाच कळलं, मी एक मिनिट पुढे आहे. पण पायात काही उरलंच नव्हतं. दोन महिने झाले, माडीचा जिना चढलो तरी धाप लागते. पप्पा राहू दे म्हणाले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. घरी बोलू नकोस, मम्मी डॉक्टरकडे नेईल. नाताळ होऊ दे."

दादा, मी खरंच बोलले नाही. वीस वर्षं दवाखान्यात नर्स आहे. धाप लागते का, थकवा येतो का, हे रोज दारातल्या माणसाला विचारते. आणि आपल्या पोराला काय लिहिलं? वाडीतली केळी खा, आळस जाईल. थट्टा केली रे मी. तू त्याला अडवलं नाहीस. ज्याने काही करायला हवं होतं असं एकच माणूस होतं, आणि ते मी.

प्रिस्कावहिनीला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यावरचा लोभ आता मागवत नाही.
तुझी,
मटिल्डा

सांडोर
१० डिसेंबर २०२४

चि. मटिल्डा हिस अ. उ. आ.

आठवडाभर उत्तर दिलं नाही, ते मुद्दाम. फार राग आला होता. माझ्या छातीवरचा एक दगड तू काढलास आणि दुसरा ठेवलास. शेवटी क्लिफर्डच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, दोन महिने आधी कळलं असतं तर? त्यांनी बराच वेळ कागद चाळले आणि सांगता येत नाही म्हणाले. म्हणजे हे आता असंच राहणार.

पण सगळा दोष एकटीने घेऊ नकोस. त्याच महिन्यात तो केळीचा घड अर्ध्या वाटेत खाली ठेवून बांधावर बसायचा. मी डोळ्यांनी बघत होतो. मीही त्याला आळशीच म्हणालो होतो.

परवा रविवारी वळणावर उभा राहिलो. प्रिस्का सोललेली केळी घेऊन शेजारी होती. घड्याळ मी अजून मागे केलेलं नाही, केलं तर ती विचारेल. येईल त्याला पाच वजा करून वेळ सांगत होतो. फ्लॉईड दोन तासांच्या आत पोचला. संध्याकाळी येऊन मेडल आमच्या टेबलावर ठेवून गेला. प्रिस्काने ते अजून उचललेलं नाही, आणि मीही नाही.

नाताळनंतर तुला सुट्टी मिळते तेव्हा ये. प्रिस्काला आपण दोघं मिळून सांगू, मला एकट्याला जमणार नाही. आणि येताना क्लिफर्डचं ते पत्र आण. तू उतरवलेलं नको, मूळचं. मला सुटल्यासारखं वाटलं, ही ओळ त्याच्या अक्षरात वाचायची आहे.

लोभ होता, आहे. रागही आहे. तरी ये.
तुझा दादा,
ॲन्सेल्म