आपल्याच गेमचं कुलूप

प्रिय तौहिद,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच फेकशील, म्हणून ते तुझ्या अम्मीच्या, हलीमाचाचींच्या हाती दिलंय. फोनवर तर तू मला केव्हाच ब्लॉक केलंस. पण राहवत नाही रे, मी पार हबकून गेलेय. गेल्या आठवड्यात आपला गेम उघडायला गेले, तर पडद्यावर आलं, 'या गेमवर तुमचा हक्क आढळत नाही.' माझा हक्क नाही? केळीची पानं मी रंगवली, रानडुकरं तू पळवलीस, आणि खेळणाऱ्यावर ओरडायला माझी आई बसवली! पाच वेळा पासवर्ड टाकला. पाचही वेळा तेच.

मग कळलं, ज्या ऑनलाइन दुकानात आपण तो विकायला ठेवला होता, त्यांनी लिनक्सवर चालणाऱ्या गेमचा कारभारच गुंडाळलाय. गेम माझ्या संगणकात जागच्या जागी आहे. पण उघडण्याआधी तो दुकानाला विचारतो, आणि तिकडे 'हो' म्हणायला कोणी उरलेलं नाही. आपल्याकडे तेव्हा शाळेने मोडीत काढलेला संगणकाचा डबा होता. त्यावर विंडोज रांगायचं, म्हणून तू त्याऐवजी फुकटचं, हलकं लिनक्स टाकलंस आणि गेमही फक्त त्यावरच चालेल असा बनवला. मूळ फाइली त्या डब्याबरोबरच गेल्या. मी हळहळलेसुद्धा नाही. म्हटलं, दुकानात आहे ना!

दुकानाला विचारल्याशिवाय गेम उघडू नये, या कुलपाचा हट्ट माझाच. तू नको नको म्हणत होतास. पण खापर गावी मामाच्या मोबाइल दुकानात बसून मी अख्खी सुट्टी लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून दिली होती. एका कार्डाची पन्नास कार्डं कशी होतात, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक? दुकानाच्या फॉर्मवर 'कुलूप हवं' या चौकोनात खूण मी केली. मोठी शहाणी ना मी!

आई मार्चमध्ये गेली, केळीच्या बागेतच, पाणी देता देता. तुला कळलं असेलच. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही. फोन समोर धरला की ती तोंडाला पदर लावायची. फक्त तुझ्या त्या माइकपुढे, तू भरीस पाडलंस म्हणून बोलली, "आरे, तुन्हं ध्यान कोठे शे? डुकरे बठ्ठ्या केळी खाई ग्यात ना!" आणि मग तिला हसू फुटलं, तेही तू तसंच ठेवलंस. वाक्य मला पाठ आहे. पण हसू आठवायला जाते तर माझंच ऐकू येतं.

धडगावच्या शाळेत पोरं आपलाच गेम बिनकुलपाचा खेळतात असं कानावर आलं, तेव्हा मी तुला चारचौघांत चोर म्हणाले. तू चाचींच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीस की कॉपी तू काढली नाहीस. काल जीपने घाट चढून तिथे गेले. तिथले जामसिंग गुरुजी म्हणाले, ते संगणक कधीच भंगारात गेले, आणि गेम कोणी आणून दिला तेही त्यांना आठवत नाही. आता विचारायला तूच उरलास. इतकी वर्षं मला एकच धास्ती होती, की तू खरं बोलला असशील तर तुला तोंड कसं दाखवू. आज तुझ्या पाया पडते तौहिद, तू तेव्हा खोटं बोलला होतास, एवढंच कळव. चोरी केली होती म्हण, आणि ती कॉपी अजून तुझ्याकडे आहे म्हण.

तुला चोर म्हणालेली, तरी तुझीच मैत्रीण,
दिपाली